नाव लांब म्हणून आजार मोठा?

नाव जितकं लांब तितका आजार भयंकर, हे ऐकून ऐकून कान किटले. 'रायनोरिया' म्हणजे वाहतं नाक. 'एपिस्टॅक्सिस' म्हणजे घोळणा फुटणं. आणि एवढ्याशा नावाच्या टीबीचे जगात सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत. मोजा आता लांबी!

या समजाला खतपाणी घालणारा शब्द म्हणजे 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'. आजाराचं जगातलं सर्वांत लांब नाव म्हणून तो पोरांकडून घोकून घेतात. वस्तुस्थिती अशी, की इंग्रजीत ४५ अक्षरांचा हा शब्द १९३५ मध्ये अमेरिकेतल्या 'नॅशनल पझलर्स लीग' या कोडीप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांबवून रचला. डॉक्टर लिहितात 'सिलिकोसिस'.

असे शब्द शेवटाकडून सोडवावेत. 'ओसिस' म्हणजे विकार, 'कोनिस' म्हणजे धूळ, 'न्यूमोन' म्हणजे फुप्फुस. झाला न्यूमोकोनिओसिस, धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार. न्यूमोनियाशी त्याचं नातं फक्त पहिल्या तुकड्यापुरतं. अँटिबायोटिकने धूळ जात नाही.

'ओमा' म्हणजे कॅन्सरच? नाही. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ, हेमाटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. 'आयटिस' म्हणजे जंतुसंसर्गच? नाही, दाह. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये जंतूंचा संबंध नसतो.

पण फोड केली की सगळं कळलं, हाही गैरसमजच. 'बिसिनोसिस' घ्या. ग्रीक 'बिसोस' म्हणजे तलम वस्त्र. त्यावरून आजार ओळखेल कोण? कापूस जिथे पिंजतात तिथली धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, की हा आजार होऊ शकतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, पुढे जरा बरं वाटतं, ही त्याची सुरुवातीची खूण. म्हणून कामगार ती 'सुट्टीचा आळस' समजून हसण्यावारी नेतो.

कायद्याने मानलेल्या व्यवसायजन्य आजारांत बिसिनोसिसचं नाव आहे. केसपेपरवर नुसता 'जुनाट खोकला' लिहिला गेला, तर भरपाईचा दावा उभा राहणं कठीण. तेव्हा सूत-कापसात काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपलं काम आणि छाती कोणत्या वारी आवळते हे आधी सांगावं, आणि निदान झालंच तर आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्यावं.