मुखगत व्यंग (वांग) : निदान, चिकित्सा आणि मलमांचा प्रश्न

चेहऱ्यावरील डाग जीवावर बेतत नाहीत, म्हणून ग्रंथकारांनी त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली. रुग्णाला मात्र तो विकार क्षुद्र वाटत नाही. आमच्या वडनेर (ता. हिंगणघाट) परिसरात कापूस व सोयाबीन ही मुख्य पिके. निंदण, खुरपण आणि वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियाच करतात. उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरी परतल्यावर चूल वाट पाहत असते. या स्त्रियांच्या गालांवर, कपाळावर व ओठांच्या वर उमटणारे श्याव मंडल म्हणजेच लोकभाषेतील वांग. मात्र अलीकडे वैद्याकडे येणारे वांग बहुधा मूळ स्वरूपात नसते. त्यावर एखादी ट्यूब आधीच वापरून झालेली असते. डाग पाहण्यापूर्वी ट्यूबची चौकशी करावी, एवढेच मुख्यतः या लेखातून सांगावयाचे आहे. ही जबाबदारी वैद्य आणि औषध विक्रेता या दोघांची आहे.

संप्राप्ति

सुश्रुताचार्यांनी क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्ताशी संयुक्त होऊन मुखप्रदेशी येतो आणि वेदनारहित, पातळ, श्याव मंडल निर्माण करतो असे वर्णन केले आहे. चरकाचार्यांच्या मते प्रकुपित पित्त रक्तात जाऊन शुष्क झाले म्हणजे तिलक, पिप्लु, व्यंग व नीलिका उत्पन्न होतात. वाग्भटाचार्यांनी कारणांत शोकाचाही निर्देश केला असून दोषभेदाने लक्षणे दिली आहेत : वाताने परुष व श्याव, पित्ताने कडा ताम्र व मध्य किंचित नील, कफाने कडा श्वेत व कंडू, रक्ताने कडा आरक्त व चुणचुण. चिकित्सेची दिशा ठरविण्यास हा भेद आजही उपयोगी पडतो.

आधुनिक वैद्यकानुसार मेलास्मामध्ये सूर्यप्रकाश, गर्भावस्था, गर्भनिरोधक गोळ्या व कुलवृत्त ही प्रमुख कारणे आहेत. केवळ अतिनील किरणच नव्हे, तर दृश्य प्रकाशही डाग गडद करतो.

सापेक्ष निदान

चेहऱ्यावरील प्रत्येक काळा डाग व्यंग नसतो. तारुण्यपिडका बऱ्या झाल्यावर उरणारे डाग पुळीच्या जागीच असतात. त्यांत मुखदूषिकेची, म्हणजे कफ, वात व रक्ताची चिकित्सा करावी. मान, काख व कपाळाच्या बाजूस त्वचा जाड, मखमली व काळी झाली असेल तर वजन आणि रक्तशर्करा तपासावी. चेहऱ्याबरोबर हिरड्या व तळहातांच्या रेषाही काळवंडल्या असून अशक्तपणा व वजनात घट असेल तर अधिवृक्क ग्रंथीचा विकार मनात आणावा. केसांच्या कलपानंतर कपाळ व कानशिले काळवंडली असतील तर आधी कलप बंद करावा.

फिकट डागांबाबत अधिक सावधगिरी हवी. लहान मुलांच्या गालावरील फिकट चट्टे बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु कुष्ठरोगाचा प्रारंभही असाच दिसू शकतो. इतरत्र बधिरता तपासून निर्णय करता येतो, पण चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने संवेदना शाबूत वाटू शकते. म्हणून शंका येताच रुग्णास शासकीय आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. ज्या जिल्ह्यात मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरचे कुष्ठसेवेचे कार्य उभे केले, त्या जिल्ह्यातील वैद्याकडून ही चूक होऊ नये.

ट्यूबची चौकशी

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन व स्टेरॉईड यांचे त्रिमिश्रण १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन व विलिस यांनी मांडले. त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मर्यादित आठवडे वापरल्यास ते औषध आहे. आपल्याकडे मात्र ते ‘गोरे होण्याची ट्यूब’ म्हणून वर्षानुवर्षे वापरले जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळतो आणि विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या व बारीक लव येते, उन्हात आग होते. ट्यूब थांबविताच दाह व लाली उसळते, म्हणून रुग्ण पुन्हा तीच ट्यूब घेतो. चेहऱ्यावरील गजकर्णावर हेच मलम लावल्यास त्याचे रूपच बदलते आणि निदान चुकते.

ही मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याची नाहीत. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने १४ स्टेरॉईड मलमांचा अनुसूची ‘एच’ मध्ये समावेश केला. दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की, नुसते वेष्टण दाखवून ट्यूब मागणाऱ्या ग्राहकास परत पाठवावे. एका ट्यूबचा नफा जातो, पण गावातील ग्राहक टिकतो.

दुसरा धोका पाऱ्याचा. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारा दहा लाखांत एक भाग याहून अधिक असता कामा नये. तरीही अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यामुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांनी कारणाचा छडा लावला. केरळमधील कोट्टक्कल येथील नेफ्रॉलॉजी तज्ज्ञांनीही २०२४ साली अशा क्रीमशी संबंधित मूत्रपिंडविकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून क्रीम वापरणाऱ्या रुग्णाच्या पायांवर सूज किंवा मूत्रात फेस दिसल्यास मूत्रपरीक्षण अवश्य करावे. उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक नसलेली डबी, तिच्यावर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेले असले तरी, दुकानात ठेवू नये. पारदयुक्त मलहर व्यंगासाठी चेहऱ्यावर आपणही वापरू नयेत. हा नियम स्वतः पाळल्यावरच इतरांस सांगण्याचा अधिकार आपल्याला येतो.

चिकित्साक्रम

१. ट्यूबने बिघडलेली त्वचा : अनेक महिने वापर झाला असल्यास ट्यूब एकाएकी तोडू नये, त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने सोडवावी. या अवस्थेत त्वचा रूक्ष, तनु व दाहयुक्त असते. तीक्ष्ण द्रव्ये, उटणी व बाष्पस्वेद वर्ज्य करावेत. शतधौत घृत पातळ लावावे. पुळ्या असल्यास तेही जपून. डागाची चिकित्सा दाह पूर्ण शमल्यावरच सुरू करावी.

२. शोधन : पित्त व रक्ताच्या प्राधान्यामुळे शरदातील विरेचन श्रेष्ठ, बलवान रुग्णात रक्तमोक्षण. परंतु आमच्या भागात कापसाची वेचणी त्याच सुमारास सुरू होते आणि मजुरी बुडवून स्त्रिया येत नाहीत. अशा वेळी वेचणीपूर्वी भाद्रपदाच्या अखेरीस विरेचन योजावे. तेही शक्य नसल्यास अविपत्तिकर चूर्ण ३ ग्रॅम रात्री कोमट पाण्यासह देऊन अनुलोमन करावे.

३. शमन : महामंजिष्ठादि क्वाथ किंवा सारिवाद्यासव १५ ते २० मि.ली. समभाग पाण्यासह, भोजनोत्तर दोन वेळा. गर्भिणीस मंजिष्ठायुक्त पोटातील औषधे देऊ नयेत. प्रसूतीनंतर काही महिन्यांत पुष्कळसे वांग आपोआप फिकट होते, हे तिला समजावून सांगावे.

४. लेप : रक्तचंदन, मंजिष्ठा, लोध्र, कुष्ठ, प्रियंगु (गहुला), वटांकुर व मसूर हा शार्ङ्गधरोक्त योग सुलभ आहे. वडाचे अंकुर गावात मिळतात, मसूर घरात असतो. दुधात कालवून प्रथम कानामागे लावून एक दिवस पाहावे, नंतरच चेहऱ्यावर वापरावा. वाग्भटाचार्यांनी मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार सांगितले आहेत. लेप वाळू देऊ नये. वाळलेला लेप कांती बिघडवितो, म्हणून ओलसर असतानाच भिजवून काढावा व नंतर स्नेह लावावा. लेपावस्थेत दिवास्वाप, अग्नी, ऊन, शोक व क्रोध वर्ज्य आहेत. रात्रीही लेप निषिद्ध आहे. शेतातून परतल्यावर, सूर्यास्तापूर्वीची वेळ योग्य. पीनस किंवा अजीर्ण यांसारख्या तक्रारी चालू असताना लेप थांबवावा.

वर्ज्य उपाय

बिब्बा लावल्याने त्वचा भाजते व कायमचा डाग पडतो. लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचा पोळून अधिक काळी पडते. बावची श्वित्रात उपयुक्त असली तरी ती त्वचेस उन्हाबाबत संवेदनशील करते. व्यंगाच्या लेपात तिला स्थान नाही.

उपसंहार

उन्हापासून संरक्षण नसेल तर वरील सर्व योजना व्यर्थ ठरते. जाड सुती दुपट्टा कपाळ व गालांवरून घ्यावा, शक्य तेथे शेतातील काम सकाळी लवकर उरकावे, चुलीची धग टाळण्यासाठी स्वयंपाकाची जागा बदलावी. रुग्णास तीन ते सहा महिन्यांचा कालावधी पहिल्याच भेटीत सांगावा आणि डाग फिकट होतील, पण ऊन लागल्यास पुन्हा उमटू शकतील, हेही स्पष्ट करावे. आठ दिवसांत गोरेपण देण्याचे आश्वासन ट्यूब देते. वैद्याने ते देऊ नये. आपल्या सभासद बंधुभगिनींनी व्यंगाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर ‘पूर्वी लावलेले मलम’ हा एक रकाना वाढवावा आणि परिसरातील औषध विक्रेत्यांशी एकदा बसून बोलावे, ही नम्र विनंती.