जुनी बेस गिटार घेताय?

रंग उडालाय, कडांचे टवके निघालेत, यावर घासाघीस जरूर करा. पण बेसचं खरं मोल तिच्या नेकमध्ये. चार तारांचा मिळून 70 किलोंहून जास्त ताण ते लाकूड वर्षानुवर्षं सोसतं.

सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. बाक जास्त दिसला, तर विकणाऱ्यालाच ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा आवळायला सांगा. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर सुधारणेला वाव फारसा उरत नाही. आणि नेक पिळवटलेली असेल, तर फुकटातसुद्धा नको.

मग अ‍ॅम्पला जोडून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. फ्रेटवर खोल खाचा पडल्या असतील, तर काम खर्चाचं. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लवकर विझला, तर घाबरू नका. 1951 साली आलेल्या फेंडर प्रिसिजनच्या घराण्यातही हा दोष सर्रास आढळतो. नॉबची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. तारा जुनाट असल्या तरी बिघडत नाही. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात!

दुरुस्तीचा अंदाजे खर्च मागितलेल्या किमतीत मिळवा. ती बेरीज नव्या साध्या बेसच्या जवळ गेली, तर नवीच घ्या.