कोण जिंकेल? फास्टर फेणे की पॅक-मॅनची भुतं? (भाषेची एक तासिका)



मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहिलं की मुलांचे वाद कानावर येतात. आमच्या मेढा परिसरातल्या शाळेत सध्या सगळ्यात मोठा वाद कोणता असेल, तर "ह्याची आणि त्याची लढाई झाली तर कोण जिंकेल?" छोटा भीम की मारिओ? फ्री फायरमधला गडी की शक्तिमान? आवाज चढतात, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं पात्र जिंकतं.

मी आधी हे वाद बंद करायचे. "अभ्यासाचं बोला" म्हणायचे. मग एकदा शांतपणे ऐकलं आणि लक्षात आलं की मुलं "तो जिंकेल" म्हणतात, पण "का?" म्हटलं की गप्प होतात किंवा "जिंकेलच!" एवढंच म्हणतात. ऐकलेल्या-वाचलेल्या गोष्टीवर आपलं मत कारणासह मांडणं हे तर आपल्या भाषेच्या अध्ययन निष्पत्तींमध्येच आहे. ते शिकवायला मी वेगळे विषय शोधत होते आणि विषय व्हरांड्यात तयार होता. म्हणून तिसरी-चौथीच्या वर्गात यावर तासिका घेतली. ती कशी घेतली, कुठं चुकली आणि त्यातून काय मिळालं, ते आज सांगते.

पहिली पायरी : कोण चालेल, कोण नाही?

मी फळ्यावर लिहिलं, "गोष्टीतलं एक पात्र आणि व्हिडिओ गेममधलं एक पात्र निवडा." पहिला हात वर आला आणि उत्तर आलं, "शिवाजी महाराज!"

आपण जावळी खोऱ्यातली माणसं, हे उत्तर येणारच. पण तिथंच पहिला धडा मिळाला. मी म्हणाले, "महाराज गोष्टीतलं पात्र नाहीत, ते होऊन गेले. 1656 साली त्यांनी जावळी घेतली, 1659 साली प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली. तिथं काय घडलं ते आपण ठरवायचं नसतं, शोधायचं असतं. इतिहासात आपण विचारतो, काय घडलं आणि कशावरून? कल्पनेत विचारतो, काय घडू शकेल आणि का?"

चौथीला महाराजांचा इतिहास शिकवताना हा फरक समजावायला मला नेहमी अवघड जायचं. इथं तो सहज समजला. एका मुलीनं विचारलं, "मग 'प्रतापगडावर फास्टर फेणे' असं पुस्तक आपल्या कपाटात आहे, ते खरं का खोटं?" छान प्रश्न! प्रतापगड खरा, आणि फास्टर फेणे भा. रा. भागवतांनी कल्पनेतून उभा केलेला. खऱ्या गडावर लेखकानं काल्पनिक मुलगा नेऊन सोडला.

देवांची नावंही आली. ती श्रद्धेची जागा आहे, तिथं हार-जीत नको, एवढं सांगून आम्ही ती बाजूला ठेवली. मग नियम ठरला : फक्त लेखकानं किंवा चित्रकारानं कल्पनेतून घडवलेली पात्रं.

दुसरी पायरी : पात्राचं कार्ड

प्रत्येक गटानं जुन्या वहीचं पान फाडून एक कार्ड केलं. त्यावर पाच ओळी :

1. पात्राचं नाव
2. कोणी निर्माण केलं?
3. ताकद काय?
4. मर्यादा काय? (काय जमत नाही?)
5. हे कशावरून? (कोणत्या पुस्तकात, मालिकेत किंवा गेममध्ये दिसलं?)

चौथी ओळ सगळ्यात अवघड जाते. आपल्या आवडत्या हिरोला काहीतरी जमत नाही हे लिहायला मुलांचा हात धजत नाही. पण तीच ओळ महत्त्वाची आहे. मर्यादा नसलेलं पात्र असेल तर वाद सुरू व्हायच्या आधीच संपतो.

गेममधल्या पात्रांची ही ओळ भरणं सोपं असतं, कारण त्यांची ताकद नियमात बांधलेली असते. मारिओचंच बघा. 1981 साली 'डाँकी काँग' या गेममध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला 'जम्पमॅन' म्हणायचे. तेव्हाच्या पडद्यावर चित्र इतक्या थोड्या ठिपक्यांत काढावं लागे की तोंड आणि केस नीट दाखवता येत नसत, म्हणून त्याला मिशी आणि टोपी मिळाली. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तो मशरूम खाल्ला की मोठा होतो, चांदणी मिळाली की थोडा वेळ शत्रूंच्या धक्क्यानं त्याला काही होत नाही. पण चांदणी असताना सुद्धा खड्ड्यात पडला की एक जीव गेलाच!

गोष्टीतल्या पात्राचं तसं नसतं. फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे. किडकिडीत अंगाचा, सायकल सुसाट पळवणारा, संकटात "टॉक" करणारा. त्याची ताकद आकड्यात लिहिता येत नाही. ती त्यानं काय केलं यावरून ओळखावी लागते, म्हणजेच पुस्तक वाचावं लागतं.

पहिली लढत : फास्टर फेणे आणि पॅक-मॅनची भुतं

पॅक-मॅन हा 1980 चा जपानी गेम, तोरू इवातानी यांनी तयार केलेला. पिवळा गोल तोंड उघडून ठिपके खात भूलभुलैयातून पळतो आणि चार भुतं त्याच्या मागं लागतात. मी फळ्यावर भूलभुलैया काढला आणि पॅक-मॅनच्या जागी फास्टर फेणेला उभं केलं.

"सायकल तिथं वळणारच नाही!" एक गट म्हणाला. मान्य, सायकल बाहेर. मग काय उरलं? त्याची नजर आणि डोकं. आता भुतांचे नियम बघा. लाल भूत सरळ आपल्या मागं येतं. गुलाबी भूत आपण जिकडं तोंड करून चाललोय त्याच्या थोडं पुढची जागा धरतं. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे शिवणापाणीत दोघं मिळून पकडतात तसं. एक मागनं, एक पुढनं!" मुलांनी व्हरांड्यात ते करून पण बघितलं.

मग निर्णय झाला. भुतं तोच नियम पुन्हा पुन्हा पाळतात. फास्टर फेणेला एक फेरी नीट बघायला मिळाली तर तो त्यांची चाल ओळखेल आणि निसटेल. बघायला वेळच मिळाला नाही तर पकडला जाईल.

मी मुलांना अजून एक गंमत सांगितली. या जुन्या गेममध्ये कितवी पातळी चालू आहे ते मोजायला एकच बाइट वापरला आहे आणि एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. म्हणून 256 व्या पातळीला हिशोब बिघडतो, अर्धा पडदा अक्षरांच्या आणि चित्रांच्या कचऱ्यानं भरतो आणि पुढं जाता येत नाही. गेमचं जग जिथपर्यंत आखलंय तिथंच संपतं.

दुसरी लढत : मारिओ आणि छोटा भीम

इथं मुलांनी स्वतःच एक साम्य शोधलं. दोघांची ताकद खाण्यातून येते! एकाला मशरूम, दुसऱ्याला लाडू. म्हणून प्रश्न बदलला : लढाई कुठं आहे आणि तिथं काय खायला मिळेल? मैदान ठरलं आपला केळघर घाट, तो पण पावसाळ्यात. लाडू खिशात नेता येतो, मशरूम वाटेत ठोकळा फोडून मिळवावा लागतो. घाटात ठोकळे कुठं? वरून रस्त्याला खड्डे, आणि खड्डा म्हणजे मारिओची मर्यादा. वर्ग हसून लोटपोट झाला, पण प्रत्येक मुद्दा कार्डावरूनच आला होता.

याच वेळी मी व्याकरण घेतलं. फळ्यावर लिहिलं :

- लाडू मिळाला तर भीम जिंकेल.
- लाडू मिळाला असता तर भीम जिंकला असता.
- भीम हरला कारण लाडू भिजला.
- लाडू भिजला पण भीम थांबला नाही.

संकेतार्थ आणि उभयान्वयी अव्यय ही नावं नंतर सांगितली. आधी वाक्यं मुलांच्या तोंडून आली.

माझी चूक

तिसऱ्या दिवशी एका मुलीनं गोट्याचं कार्ड आणलं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, आईवडील नसलेला, साधा, प्रामाणिक मुलगा. समोरच्या गटाकडं फ्री फायरमधला बंदूकवाला. मुलं ओरडली, "गोट्याकडं आहे काय?" आणि घाईत मी पण म्हणून गेले, "गोट्या हरला." मुलगी कार्ड घेऊन खाली बसली आणि त्या दिवशी परत बोलली नाही.

घरी गेल्यावर ते मला टोचत राहिलं. कारणं मागणारी मी, आणि निकाल मात्र कारण न ऐकता दिला. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिला सांगितलं, "काल माझं चुकलं. तुझं म्हणणं मी ऐकलंच नाही. सांग बरं." ती म्हणाली, "मॅडम, लढाई म्हणजे मारामारीच असते का? पावसात वाट चुकलेल्या आजीला घरी पोचवायची लढाई ठेवा. बंदुकीचं काय काम तिथं?"

त्या दिवसापासून आमच्याकडं नवा नियम आहे : लढत कशाची, हे ठरवायचा हक्क दोन्ही गटांना आळीपाळीनं. आणि निकाल मॅडम देणार नाहीत.

हे काही नवीन नाही

आपल्याकडं कलगी-तुऱ्याचे फड असेच रंगायचे. तुरेवाले शिवाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची, आणि मग श्रेष्ठ कोण यावर सवाल-जवाब. नुसता आवाज चढवून तिथं चालत नसे, समोरच्याच्या सवालाला उत्तर द्यावं लागे. मुलांना ही परंपरा सांगितली की वाद म्हणजे भांडण नव्हे, हे लवकर पटतं.

पालकांसाठी दोन शब्द

"मॅडम, तुम्हीच गेमचं शिकवताय का?" असं एका पालकांनी विचारलं. नाही. या तासिकेत मोबाइल लागत नाही. बंदुकीचे गेम लहान मुलांनी खेळावेत असंही माझं म्हणणं नाही. पण मुलाच्या डोक्यात जे आधीच आहे त्याला दार बंद केलं तर ते आपल्याशी बोलायचं थांबतं. दार उघडं ठेवलं तर त्याच दारातून पुस्तक आत नेता येतं.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. वाचताना अडखळतो, म्हणून वाचायचं टाळतो. मारिओचं मात्र त्याला सगळं पाठ. त्याचा गट फास्टर फेणेपुढं हरला तेव्हा तो कपाटाजवळ आला आणि म्हणाला, "त्याचं पुस्तक द्या. त्याला काय जमत नाही ते बघतो." तीन दिवसांत त्याची अकरा पानं झाली. मर्यादा अजून सापडली नाही म्हणतो, वाचन चालू आहे. समोरच्याला हरवायचं असेल तर आधी त्याला नीट ओळखावं लागतं, हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

सरावासाठी

1. तुमच्या आवडत्या पात्राचं पाच ओळींचं कार्ड तयार करा. चौथी ओळ रिकामी ठेवू नका.
2. ससा झोपला नसता तर शर्यत कोण जिंकलं असतं? कासव जिंकेल अशी एक अट सुचवा.
3. "कारण", "पण", "जर-तर" वापरून तुमच्या लढतीची सहा वाक्यं लिहा.
4. खरी व्यक्ती की काल्पनिक पात्र, ते ओळखा : बिरबल, चिमणराव, सावित्रीबाई फुले, बोक्या सातबंडे, तानाजी मालुसरे.
5. आता समोरच्या गटाच्या बाजूनं तीन कारणं लिहा.

पाचवा प्रश्न वगळू नका. आमच्या वर्गात खरी गंमत तिथंच सुरू होते.