विश्लेषण : मुंबईच्या सायकलस्वारांना शांत रस्ता समुद्रापलीकडेच का सापडतो? सागरी महामार्गानंतर तो शांत राहील का?

रविवारी पहाटे लालबाग, परळ, दादर किंवा गिरगावातून निघालेला सायकलस्वार बहुधा मरिन ड्राइव्हपर्यंत जातो आणि आठ वाजायच्या आत घरी परततो. त्यानंतर रस्त्यावर त्याच्यासाठी जागाच उरत नाही. भातखाचरांमधून जाणारा, तासाला मोजकीच वाहने दिसणारा रस्ता हवा असेल, तर त्याला शहराबाहेर पडावे लागते. पण नव्या पुलांच्या आणि उन्नत मार्गांच्या मुंबईतून सायकलने बाहेर पडणेच अवघड झाले आहे. त्यातून वाट काढून देते ती भाऊच्या धक्क्यावरची बोट.

शांत रस्ता कसा ओळखायचा?

राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी रस्त्यांची उतरंड असते. लांबची आणि अवजड वाहतूक वरच्या दर्जाच्या रस्त्यांवर राहते. खालच्या दोन दर्जांच्या रस्त्यांवर प्रामुख्याने गावातली दुचाकी, रिक्षा, एसटी आणि गुरे भेटतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता, ही साधी खूण आहे. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्त्याची डांबरी रुंदी साधारण पावणेचार मीटर असते. जिथे दिवसाला 100 पेक्षा कमी मोटारवाहने अपेक्षित असतात, तिथे ती तीन मीटरही चालते. एवढ्या अरुंद आणि वळणदार रस्त्यावर वाहनाला वेग फारसा घेता येत नाही. सायकलस्वाराच्या दृष्टीने वाहनांच्या संख्येइतकाच त्यांचा वेगही महत्त्वाचा असतो.

मुंबईतून बाहेर पडणे अवघड का?

वांद्रे-वरळी सागरी सेतू (2009), पूर्व मुक्त मार्ग (2013), मार्च 2024 मध्ये पहिला टप्पा खुला झालेला सागरी किनारा मार्ग आणि 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू, या चारही मार्गांवर सायकलला बंदी आहे. यातला अटल सेतू शिवडीहून, म्हणजे परळ-लालबागच्या अगदी शेजारून सुरू होतो आणि 21.8 किलोमीटरवर चिर्ले येथे उतरतो. अंतर सायकलच्या आवाक्यातले आहे. पण सेतूवर मोटारींसाठी ताशी 100 किलोमीटरची वेगमर्यादा असून सायकलसाठी वेगळी मार्गिका ठेवलेली नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही सायकलला बंद आहे. उरतो तो शीव, मानखुर्द, वाशी, पनवेल हा ट्रक-बसच्या गर्दीचा रस्ता. शांत रस्ता लागेपर्यंत निम्मी सकाळ आणि निम्मा उत्साह संपलेला असतो.

बोटीचा पर्याय कसा आहे?

माझगावचा भाऊचा धक्का लालबाग किंवा गिरगावपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथून रेवसला आणि उरणजवळच्या मोरा बंदराला प्रवासी लाँच सुटतात. मांडव्याला जाणारी रो-रो सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. रो-रोमध्ये मोटारींबरोबर सायकलही नेता येते. लाँचवर सायकल घेतली जाईल की नाही, हे मात्र गर्दी आणि बोटीवरच्या कर्मचाऱ्यांवर अवलंबून असते. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद असते. रेवसच्या फेऱ्यांना ओहोटीच्या वेळी गाळाचा अडथळा येतो. तरीही महामार्गाला न शिवता मध्य मुंबईतून रायगडच्या गावांमध्ये पोहोचण्याचा याहून सोपा रस्ता नाही. गिरणगावाला तो नवाही नाही. गिरण्यांमध्ये कामाला आलेल्या कोकणी कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांनी याच धक्क्यावरून गावची बोट पकडली होती.

पलीकडे कोणते रस्ते आहेत?

मांडवा किंवा रेवसहून अलिबागमार्गे रेवदंड्यापर्यंत साधारण चाळीसेक किलोमीटरचा, बहुतांशी सपाट रस्ता आहे. अलिबागकडे जाणारा मुख्य रस्ता टाळून सासवणे, आवास, किहीम, थळ अशा किनाऱ्यालगतच्या गावांमधून गेल्यास नारळी-पोफळीची सावली मिळते. सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकर यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. अलिबागच्या पुढे आक्षी, नागाव, चौल ही वाड्यांची गावे लागतात. हिवाळा सरता सरता भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. शनिवार-रविवारी हेच रस्ते पर्यटकांच्या मोटारींनी भरतात. जी रो-रो सायकल आणते, तीच मोटारीही आणते. त्यामुळे शक्य असल्यास मधला वार आणि पहिली बोट निवडावी.

हे रस्ते आजवर शांत का राहिले?

याचे श्रेय नियोजनापेक्षा खाड्यांना अधिक जाते. कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड असे टप्पे फेरीबोटीने ओलांडावे लागतात. घाईतले वाहन आणि मालाचा ट्रक फेरीबोटीची वाट पाहत नाही. तो मुंबई-गोवा महामार्ग धरतो. या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे 2011 मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले, तरी अवजड वाहतूक तिथेच राहिली. प्रत्येक खाडी ही किनाऱ्याच्या रस्त्यावरची एक गाळणी ठरली. सायकलस्वाराला मात्र फेरीबोट ही विश्रांती असते.

सागरी महामार्गाने काय बदलेल?

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळापासूनची आहे. आता राज्य रस्ते विकास महामंडळामार्फत खाड्यांवरील पूल उभारले जात असून धरमतर खाडीवरील करंजा-रेवस पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. स्थानिकांसाठी या पुलांची गरज खरी आहे. रुग्णाला रात्री शहरात न्यायचे असेल, तर शेवटची फेरीबोट निघून गेलेली असणे परवडत नाही. मासळी आणि आंबा वेळेत बाजारात पोहोचणेही पुलावरच अवलंबून आहे. प्रश्न पुलाला विरोध करण्याचा नाही, त्यावर कुणाला जागा मिळणार याचा आहे. अटल सेतूसारखीच बंदी इथे आली आणि प्रवासी घटल्याने फेरीबोटही बंद झाली, तर आज सायकलने ओलांडता येणारी खाडी उद्या ओलांडता येणार नाही. तोटा केवळ हौशी सायकलस्वारांचा नसेल. पलीकडच्या शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलांचाही असेल.

दुसरी बाजूही आहे. महामार्ग गावांबाहेरून गेला, तर गावातला जुना रस्ता अधिक शांत होऊ शकतो. त्यासाठी तो डागडुजीविना सोडून देता कामा नये.

अन्यत्र काय केले गेले?

बेल्जियममधील लिम्बर्ग हा कोळसा खाणींचा प्रांत. तिथली शेवटची खाण 1992 मध्ये बंद झाली. 1995 मध्ये तिथे गावांमधले शांत रस्ते, कालव्याकाठच्या वाटा आणि जुने रेल्वेमार्ग जोडून सायकलचे जाळे तयार करण्यात आले. प्रत्येक चौकाला क्रमांक देऊन पुढच्या क्रमांकाकडे बाण दाखवणाऱ्या पाट्या लावल्या गेल्या. ही कल्पना एका खाण अभियंत्याची होती. नवे रस्ते फारसे बांधावे न लागल्याने ती पुढे नेदरलँड्समध्येही पसरली. रायगडमध्ये ग्रामीण रस्ते आहेत, बोट आहे, राहण्या-जेवणाची घरगुती सोयही आहे. उणीव आहे ती खुणांची आणि सायकलला हक्काची जागा देण्याची.

जाण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आणि भरती-ओहोटी आदल्या दिवशी पाहावी. पहिल्या खेपेला 40 ते 50 किलोमीटर पुरेत. पंक्चरचे साहित्य, हातपंप आणि जादा ट्यूब सोबत असावी, कारण गावातल्या दुकानात गिअरच्या सायकलचे भाग मिळतीलच असे नाही. ऊन चढायच्या आत मोठा टप्पा पूर्ण करावा. कुत्रे मागे लागल्यास वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरावी. रस्त्यावर मासळी किंवा धान्य वाळत घातलेले दिसले, तर कडेने जावे. आपल्यासाठी तो सहलीचा रस्ता असला, तरी गावासाठी ते अंगण असते.