‘दोनच तर झाडं होती!’

उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या अल्याड-पल्याड, गांजाबद्दल एक समज फार घट्ट बसला आहे: तुरीच्या तासात दोन-चार झाडं सापडली तर दंड भरून माणूस सुटतो. इतका धोक्याचा समज दुसरा नाही.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, गांजा जवळ बाळगण्याची शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपेक्षा कमी असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जास्त, पण वीस किलोच्या आत असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर ‘व्यापारी मात्रा’ सुरू होते. तिथे किमान दहा आणि कमाल वीस वर्षं कैद, शिवाय एक ते दोन लाख दंड. लागवडीला मात्र ही वजनाची पायरीच नाही. झाडं दोन असोत की दोनशे, कलम एकच लागतं आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत असू शकते. न्यायाधीश झाडांची संख्या पाहून शिक्षा कमी करू शकतात, पण गुन्हा ‘किरकोळ’ होत नाही.

याला लागूनच दुसरी भीती आहे: सातबारा ज्याच्या नावावर, तोच आरोपी. हेही पूर्ण खरं नाही. उत्तर प्रदेशातल्या एका शेतकऱ्याच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जमिनीत झाडं सापडली एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. ती आरोपीने लावली, याचा पुरावा लागतो. बी पडून झाड आपोआपही उगवू शकतं. पण वावर मक्त्याने दिलं असलं तरी मालकाने डोळे मिटून बसू नये. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे कळल्यावर ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला कळवणं कलम ४६ नुसार बंधनकारक आहे. जाणूनबुजून गप्प राहणं हाच गुन्हा ठरतो. सरपंच आणि पंचांवरही कलम ४७ ने हीच जबाबदारी टाकली आहे. धुऱ्यावर अनोळखी झाड दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवावं आणि पोच घ्यावी, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

वजनातही बारकावा आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. देठ, पानं, शेंडे सगळं एकत्र तोलून वीस किलोचा आकडा ओलांडला असेल, तर वकिलाने पंचनामा बारकाईने वाचायलाच हवा. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात हा फरक महत्त्वाचा मानला होता.

‘माल कमी, म्हणजे ठाण्यातच जामीन’ हेही चूक आहे. अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या अर्जावर ७ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र असल्याचं सांगितलं आणि त्याच आदेशात तिला जामीनही दिला. अजामीनपात्र म्हणजे जामीन कोर्टाकडे मागायचा, एवढंच. खरी अडचण व्यापारी मात्रेत येते: आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. आरोपपत्रासाठीही तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात.

नागपूर-तुळजापूर महामार्गावर गाडीच्या डिकीत किंवा पिशवीत माल सापडला आणि राजपत्रित अधिकारी हजर नव्हता, म्हणून केस पडते असं अनेक जण सांगतात. कलम ५० चा तो हक्क अंगझडतीपुरता आहे. पिशवीच्या झडतीला तो लागू होत नाही. ‘पिशवी मित्राची होती, मला माहीत नव्हतं’ हे आरोपीलाच पटवून द्यावं लागतं, कारण ताबा सिद्ध झाला की कायदा त्याला माहिती होती असं गृहीत धरतो. दुसऱ्याचं बोचकं घेऊन गाडीवर बसताना तरुण पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं.

घरातलं कुणी व्यसनात अडकलं असेल, तर केसच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. फक्त सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात दाखल झाला, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. अटकेतल्या माणसाला वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. कोठडीतल्या आरोपीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.