मँगनीजचे सगे आणि शेजारी

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की रामटेकच्या अलीकडे मनसर येतं. इथल्या खाणीतला काळा दगड हातात घेतला तर आकाराच्या मानाने चांगलाच जड लागतो; त्यात पायरोल्युसाइट हे खनिज असेल तर बोटंही काळी होतात. हे मँगनीज. 1896 साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटची वारस असलेली ‘मॉईल’ ही मँगनीज काढणारी कंपनी आजही नागपुरातूनच कारभार पाहते.

आवर्तसारणीत मँगनीजचा अणुअंक 25, गण सातवा. एका गणातल्या मूलद्रव्यांची बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी, म्हणून गुणही जुळतात, हे शाळेत सगळेच पाठ करतात. मँगनीजकडे बंधासाठी असे सात इलेक्ट्रॉन आहेत आणि त्यातले किती गुंतले यावर त्याचा रंग बदलतो. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट घ्या. त्यात सातही कामाला लागलेले, रंग गर्द जांभळा. पाण्यातल्या घाणीचं ऑक्सिडीकरण करता करता मँगनीज सातवरून चारवर उतरतं आणि जांभळ्या पाण्यात तपकिरी गाळ धरतो. हा गाळ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून बॅटरीच्या कारखान्यांना जातं, ते हेच.

मेंडेलीव्हच्या 1871 च्या सारणीत मँगनीजखालच्या जागा रिकाम्या होत्या. सगे सग्यांजवळच सापडणार, या हिशेबाने काही संशोधक मँगनीजचे क्षारच तपासत बसले. हिशेब चुकला. 75वं रेनियम 1925 साली जर्मनीत हाती लागलं. पुढे त्याचा जेमतेम 1 ग्रॅम मिळवायला 660 किलो मॉलिब्डेनाइट, म्हणजे मॉलिब्डेनमचं खनिज, लागलं. 43वं टेक्नेशियम तर तेव्हा कोणत्याच खाणीत मिळालं नाही. कॅलिफोर्नियातल्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात ते 1937 साली इटलीतल्या पालेर्मोला ओळखलं गेलं. त्याचं एकही समस्थानिक टिकाऊ नाही.

जमिनीखाली सग्यांपेक्षा शेजारी जवळचा. मँगनीजच्या उजवीकडे 26वं लोह. दोघांच्या आयनांचे आकार जवळपास सारखे, त्यामुळे स्फटिकात एकाच्या जागी दुसरं सहज बसतं. नागपूर जिल्ह्यातल्याच बेलडोंगरीला भूवैज्ञानिक फर्मोर यांना या दोघांचं एकत्र खनिज मिळालं. त्याला त्यांनी व्रेडेनबर्गाइट हे नाव दिलं. भट्टीतही जोडी तीच. रुळांच्या क्रॉसिंगवर चाकांचे दणके सोसणाऱ्या पोलादात 12-13 टक्के मँगनीज असतं. आपल्याकडे सारणी वरून खाली घोकून घेतात. डावीकडून उजवीकडे वाचायला फारसं कुणी शिकवत नाही, आणि विदर्भाच्या खाणी तर त्याच दिशेने उलगडतात.

टेक्नेशियमचंही तसंच. थायरॉइडच्या स्कॅनसाठी शिरेतून देतात ते परटेक्नेटेट रचनेने थेट परमँगनेटसारखं, मधोमध फक्त मँगनीजऐवजी टेक्नेशियम. इथे सख्खं नातं दिसतं खरं, पण रुग्णालयात ते तयार होतं शेजारच्या घरातल्या किरणोत्सारी मॉलिब्डेनमपासून. आणि ते वापरावंही लागतं लगेच, कारण दर 6 तासांनी ते निम्मं होतं.