कूर्माचें माहेर

देवळांत गाभाऱ्याच्या अलीकडे फरशींत कोरलेलें कासव असतें. त्याला हात लावून, तो कपाळाला लावून, मगच आपण देवाकडे वळतों. गंगाखेडच्या गोदातीरीं काय किंवा कोंकणांतल्या ग्रामदेवतेपुढें काय, रीत एकच. परभणीसारख्या समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या मुलखांतील मुलांनाहि कूर्मावताराची कथा पाठ असते. पण जिवंत कासव कोठें जन्मास येतें, आणि ज्या कोंकणपट्टींत त्याची पूजा होते तेथेंच त्याचीं अंडीं उकरून कशीं विकलीं जात, हें आपल्या घरांतून फारसें बोललें जात नाहीं. म्हणून एका गांवाची व एका गृहस्थाची हकीकत आज वाचकांस सादर करीत आहों.

गांव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांतलें वेळास. बाणकोटच्या खाडीजवळचें हें खेडें नाना फडणिसांचें मूळ गांव म्हणून इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक असेल. गृहस्थ म्हणजे चिपळूणचे श्री. विश्वास तथा भाऊ काटदरे. ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ ही संस्था त्यांनीं १९९२ सालीं काढली. वेंगुर्ल्यानजीकच्या खडकाळ बेटांवरून पाकोळ्यांचीं घरटीं चोरीस जात असत; त्या प्रकारासहि ह्याच मंडळींनीं पायबंद घातला. २००२ सालीं समुद्रगरुडांच्या घरट्यांची मोजदाद करीत ते किनाऱ्यानें हिंडत असतां, वेळासच्या वाळूंत कासवाच्या अंड्यांचीं टरफलें त्यांच्या दृष्टीस पडलीं. पुढील सारें कार्य ह्या टरफलांपासून निघालें.

हीं कासवें ‘ऑलिव्ह रिडले’ जातीचीं. मादी रात्रीं वाळूवर चढते, मागच्या पायांनीं हात-दीड हात खोल खळगा करते, त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू लोटून जागा दाबून टाकते आणि मागें वळून न पाहतां समुद्रांत निघून जाते. पिलांची व तिची पुन्हा भेट नाहीं. पण वाळूवर तिच्या सरपटण्याची खूण राहते, आणि ती खूण ओळखणारे तिघे असत : कोल्हा, कुत्रा आणि माणूस. अंडीं खाल्लीं जात, विकलीं जात. गरिबाच्या घरीं चार पैसे येत.

कायद्यानें कासवास संरक्षण आहेच. तेव्हां शिपाई बोलावणें सोपें होतें. काटदरे व त्यांचे सहकारी त्या वाटेनें गेले नाहींत, हेंच त्यांच्या कार्याचें मर्म असें आम्हांस वाटतें. त्यांनीं गांवकऱ्यांशीं बोलणीं केलीं, मुलांना शाळेंत जाऊन सांगितलें, आणि राखणीचें काम गांवांतल्याच माणसांस दिलें. पहांटे किनारा फिरावयाचा, घरटें सांपडलें कीं अंडीं अलगद उचलावयाचीं, आणि भरतीच्या रेषेवर जाळीचें कुंपण घालून केलेल्या आवारांत तेवढ्याच खोलीच्या खळग्यांत पुन्हा ठेवावयाचीं. अंडें उलटेंपालटें होतां कामा नये, नाहीं तर आंतला जीव दगावतो. मग पन्नासएक दिवस वाट पाहावयाची. खळग्यावर टोपली उपडी घातलेली असते; पिलें वर आलीं कीं तिच्याखालीं गोळा होतात, आणि सकाळसंध्याकाळ त्यांना पाण्याच्या दिशेनें सोडून देतात. त्यांनीं स्वतःच्या पायांनीं चालत जावें, कोणीं उचलून पाण्यांत टाकूं नये, असा दंडक आहे.

पोटांतला जीव मुलगा कीं मुलगी, ह्यावरून आपल्याकडे किती घरांतून सुनांचे हाल झाले! कासवांत तो निर्णय वाळूची ऊब करते. वाळू तापलेली असेल तर माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर. हवामान वर्षानुवर्षें तापत चाललें आहे, तेव्हां पुढें नरच दुर्मिळ होतील कीं काय, ही शास्त्रज्ञांची चिंता वायफळ नव्हे.

अंड्यांची मिळकत बुडाली, तिची भरपाई कशी व्हावयाची? २००६ च्या सुमारास वेळासला कासव-महोत्सव सुरू झाला. पुण्यामुंबईची मंडळी पिलांचें प्रस्थान पाहावयास येऊं लागलीं, गांवकऱ्यांच्याच घरीं उतरूं लागलीं, आणि घरच्या स्त्रियांच्या हातांत स्वयंपाकाचे पैसे पडूं लागले. ज्या घरीं पूर्वीं अंडें विकलें जाई, त्याच घराला आतां अंडें राखण्यांत लाभ दिसूं लागला. आसपासच्या गांवांनीं कित्ता गिरविला, वनखात्यानेंहि हें काम अंगावर घेतलें. मात्र पाहुण्यांविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात. पिलें कांहीं आगगाडीच्या वेळापत्रकानें निघत नाहींत. एखादे दिवशीं एकहि बाहेर पडत नाहीं. अशा वेळीं, दाम मोजून आलों असतां कांहींच दिसलें नाहीं म्हणून यजमानावर रुसणारे लोक आहेत. त्यांनीं खुशाल नाटकास जावें.

ह्या शिकवणीचा गुण कासवापुरता राहिला नाहीं. देवमासा, कासव किंवा असा संरक्षित जीव जाळ्यांत सांपडला तर कोळ्यास तें मोलाचें जाळें कापावें लागतें, व त्या दिवसाची कमाई बुडते ती निराळी. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन अशा कोळ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देऊं लागलें. मुक्त केल्याचें छायाचित्र मात्र दाखवावें लागतें. नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतिपुळ्यास देवमाशाचें एक पिलूं वाळूंत रुतलें. गांवकरी व सरकारी मंडळी त्याच्या अंगावर पाणी ओतीत राहिलीं, आणि सुमारें चाळीस तासांच्या खटपटीनंतर त्याला समुद्रांत ओढून नेलें. पुढें तें मृतावस्थेंत किनाऱ्याला लागलें. यश आलें नाहीं. पण त्या जीवासाठीं माणसें दोन दिवस राबलीं.

मोठी झालेली मादी आपल्या जन्मभूमीच्या आसपासच अंडीं घालावयास परतते, असें शास्त्र सांगतें. बाळंतपणाला माहेरीं यावें तशी. ह्याचा माग काढण्यासाठीं जानेवारी २०२२ मध्यें वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारें यंत्र बसविलें व तिचें नांव ‘प्रथमा’ ठेविलें. पुढच्या वर्षीं गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ लंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरांत जाऊन पोंचली. गंगाखेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी मिळते तो हाच समुद्र. आणि जानेवारी २०२५ मध्यें गुहागरच्या वाळूंत अंडीं घालतांना एक मादी आढळली, तिच्या अंगावर ०३२३३ ह्या आंकड्याचा बिल्ला होता. तो २०२१ सालीं ओरिसाच्या किनाऱ्यावर, तिकडच्या अंडीं घालण्याच्या हंगामांत, लाविलेला. आतां तिचें माहेर कोणतें आणि सासर कोणतें, हें तिचें तिलाच ठाऊक.